केतकीचा पसंतीक्रम

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. बहिणीला नाही. दुकानात इतकी वर्षं माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसणाऱ्या वंदनाला नाही, आणि तिला तर माझे सगळे पासवर्ड पाठ आहेत. लाजेमुळे सांगितलं नाही, असं म्हणाले तर तुम्हाला बरं वाटेल. पण बराच काळ लाज नव्हतीच. आनंद होता. आणि तो मला एकटीलाच खायचा होता, म्हणून गप्प होते.

लाखनीला हायवेच्या कडेला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. ट्रक गेला की काचेचं दार थरथरतं. वर्षभर दाखले, सातबारा, आधारमधल्या नावांच्या दुरुस्त्या. पण बारावीचे आणि सीईटीचे निकाल लागले की माझं दुकान दुकान राहत नाही. पालांदूरहून, साकोलीहून, पार लाखांदूरकडून आईबाप पोरांना घेऊन येतात. टक्के सांगतात, पर्सेंटाइल सांगतात, वर्गात कितवा नंबर होता तेही सांगतात, आणि मग माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मी काय म्हणते — नंबर लागन, का नाही लागन?

मला ते येतं. यात बढाई नाही. मागच्या तीन वर्षांच्या याद्या कुठल्या कॉलेजात कुठल्या गुणांवर संपल्या, मुलींच्या जागा किती, दुसऱ्या फेरीत किती खाली येतं, हे माझ्या डोक्यात असतं. मी म्हटलं लागन, तर लोक होस्टेलसाठी पेटी घ्यायला जातात. मी म्हटलं नाही, तर बाप पोराच्या पाठीवर हात ठेवून उठतो. एवढा भरवसा. तो माझ्याकडे कुठून आला, कसा आला — ते सांगायचं तर मला हटवार सरांकडे जावं लागेल. आणि तिकडे जायला मला अजूनही आवडत नाही.

मी दिघोरीची. आमचं घर तलावात मासे धरणाऱ्यांचं. अकरावी-बारावीला मी सायन्स घेतलं, रोज एसटीनं कॉलेजात जायची. गणिताला हटवार सर. उंच, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. शिकवायचे चांगले, हे नाकारत नाही. पण त्यांना शिकवण्यापेक्षा एक गोष्ट जास्त आवडायची. दर चाचणी झाली की ते नंबर लावायचे आणि नंबराप्रमाणे आम्हाला बाकावर बसवायचे. पहिला नंबर खिडकीजवळ, पहिल्या बाकावर. मग बोट फिरवत जायचे. "तुम्ही पाच — इंजिनिअरिंग, मेडिकल. तुम्ही बी.एस्सी. तुम्ही डी.एड. आणि मांगचे तुम्ही... तुमचं घरचे पाहतीन." वर्ग हसायचा. मागचेही हसायचे. ते म्हणायचे, "माझा अंदाज चुकत नाही. पंचवीस वर्षं झाले, एकदा नाही चुकला."

माझा नंबर कधी बारावा, कधी चौदावा. म्हणजे बी.एस्सी. आणि डी.एड.च्या मधली. पण बारावीच्या सराव परीक्षेत माझा चौथा नंबर आला. कसा आला? केला म्हणून आला. तीन महिने मी बाबा तलावावरून यायच्या आधी उठून गणितं केली होती.

सरांनी माझा पेपर हातात धरला, उभा, सगळ्यांना दिसेल असा.

"चौथा? कोणाच्या पेपरातून?"

मी बोलायला हवं होतं का? सतरा वर्षांची पोरगी काय बोलते? ते म्हणाले, जाळं टाकलं असन कोणाच्या पेपरावर, यांच्या घरीच शिकवतात जाळं टाकाले. वर्ग हसला. मला चौथ्या नंबराच्या बाकावर बसू दिलं नाही. शेवटच्या बाकावर, भिंतीशी बसवलं — परीक्षेपर्यंत तिथंच.

तेवढ्यावर थांबलं असतं तर मी विसरले असते. खरंच विसरले असते असं वाटतं.

सीईटी झाली. माझे गुण आले. त्या काळी इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी नागपूरला जाऊन समोर बसावं लागायचं. कोणत्या दिवशी कोणाचा नंबर, ते पेपरात यायचं. बाबा आयुष्यात दोनदा नागपूरला गेले होते, दोन्ही वेळा दवाखान्यात. ते म्हणाले, जाण्याआधी तुझ्या सरांना विचारून घेऊ. धुतलेला सदरा घातला, पिशवीत चांगले मोठे झिंगे घेतले, केळीच्या पानात बांधून. सरांच्या घरी गेलो. सरांनी झिंगे आत पाठवले. आम्हाला व्हरांड्यात उभं ठेवलं. माझ्या गुणांचा कागद उलटा धरला, सुलटा केला, एक नजर टाकली. तीन-चार क्षण असतील.

"इतक्यावर नाही लागत नंबर. सरकारी कॉलेज म्हणता तुम्ही! कायले पोरीले घेऊन नागपूरचे चक्कर मारता? वापस याल तोंड पाडून. डी.एड. करा हिचं."

बाबांनी हात जोडले. म्हणाले, "बरं झालं सर, तुम्ही सांगतलं. नाही तर उगाच गेलो असतो."

आम्ही गेलो नाही. डी.एड.लाही मी गेले नाही, रागानं. बी.ए. केलं, घरी राहून. मग भंडाऱ्याला कॉम्प्युटरचा कोर्स, मग नागपूरला एका क्लासच्या ऑफिसात नोकरी — फॉर्म तपासायची. आणि तिथं एका कपाटात जुन्या प्रवेश-पुस्तिका होत्या. सगळ्या वर्षांच्या. कोणत्या कॉलेजात शेवटचा विद्यार्थी किती गुणांवर आत गेला, त्याचे तक्ते. एका दुपारी मी माझ्या वर्षाची पुस्तिका काढली.

माझा नंबर लागत होता. एका ठिकाणी नाही, दोन ठिकाणी. त्यातलं एक नागपूरचं, सरकारी. अगदी काठावरही नाही — आरामात लागत होता.

मी ती पुस्तिका परत कपाटात ठेवली. जागेवर येऊन बसले आणि पुढचा फॉर्म घेतला. त्या दिवशी ना रडले, ना कोणाला काही बोलले. बाबांना तर कधीच सांगितलं नाही. "बरं झालं सर, तुम्ही सांगतलं" म्हणणाऱ्या माणसाला काय सांगणार? पण त्या दिवसापासून मी तक्ते पाठ करायला लागले. लोकांना वाटतं ताईला आवड आहे. आवड कसली. ज्या तक्त्यावर तीन क्षणांची नजर टाकायचीही त्या माणसाला गरज वाटली नव्हती, तो मला अख्खा पाठ करायचा होता. मी लाखनीला लग्न होऊन आले, दुकान टाकलं, आणि इतकी वर्षं एकाही पोराला चुकीचं सांगितलं नाही. एकाही नाही.

एकीला सोडून.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. फॉर्मचे दिवस होते, बाकावर जागा नव्हती. दार उघडून एक म्हातारा आत आला. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. खिशाला दोन पेन. माझा माउसवरचा हात तिथंच राहिला. मागे एक मुलगी — चष्मा, दोन वेण्यांची एक केलेली, छातीशी प्लास्टिकची फाइल.

ते मला "मॅडम" म्हणाले.

"मॅडम, नाव लई ऐकलं तुमचं. हे माझी नात, केतकी. पोरगा जवाहरनगरले फॅक्टरीत हाये, त्याले सुट्टी नाही. मी रिटायर मास्तर. आता लाखनीतच असतो."

ओळखलं नव्हतं. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. हे सगळं मी मुद्दाम सावकाश केलं. मग म्हटलं, मी दिघोरीची. तोंडाकडे बघत म्हटलं. ते म्हणाले, "दिघोरी? असं का! तिकडचे लई पोट्टे होते माझ्याकडे," आणि चष्मा पुसायला लागले.

पोट्टे. बस.

कोणी वर्षानुवर्षं तुमच्या उरावर बसलेलं असावं आणि त्याला तुम्ही कोण हेही माहीत नसावं — तुम्हाला असं कधी झालंय? त्यांनी मला ओळखून तोंड फिरवलं असतं तर मी त्यांना माफ केलं असतं का? माहीत नाही. पण त्या क्षणी माझ्या आत काहीतरी थंड झालं. गरम नाही, थंड. राग थंड झाला की हात फार नीट चालतात.

मी केतकीचे गुण बघितले. चांगले होते. नागपूरच्या त्या सरकारी कॉलेजात कॉम्प्युटरला तिचा नंबर मागच्या वर्षीच्या यादीप्रमाणे लागत होता, त्याच्या आदल्या वर्षीच्याही. पहिल्या फेरीत नाही तर दुसऱ्या फेरीत, नक्की. हे मला तक्ता न उघडता दिसत होतं.

"लागन का, मॅडम?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात आजोबांचा लवलेश नव्हता. ती थोडी तोतरी बोलायची, 'म' वर अडायची.

मी म्हटलं, "नाही लागत."

किती सोपं होतं ते! दोन शब्द. ते मी तिच्याकडे बघून म्हटलं नाही, मी सरांकडे बघत होते. त्यांचं तोंड उतरावं म्हणून वाट बघत होते. नाही उतरलं. मग मी अजून पुढे गेले. विचारलं, "सर, तुमचा काय अंदाज?" — त्यांना 'सर' म्हणाले, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. ते म्हणाले, "माझा अंदाज कधी चुकला नाही, मॅडम. हिचा वर्गात पाचवा-सहावा नंबर राहे. नागपूर कठीणच हाये, मी घरी बोललोच होतो."

तेही म्हणालेच की, असं मी पुढे कितीदा स्वतःशी बोलले. पण ते न बघता बोलत होते. मी बघून बोलत होते.

आता तुम्हाला एक गोष्ट समजून घ्यावी लागेल, थोडक्यात सांगते. फॉर्ममध्ये कॉलेजांची यादी द्यायची असते, पसंतीप्रमाणे, वरून खाली. कॉम्प्युटर पहिल्या नावापासून बघत येतो. पहिल्यात गुण बसले तर ते देतो, नाही बसले तर दुसरं बघतो. म्हणून न मिळणारं कॉलेज वर टाकल्यानं नुकसान काहीच होत नाही. खालचं तसंच शाबूत राहतं. पण पहिल्या नंबरावर टाकलेलं कॉलेज पहिल्याच फेरीत मिळालं, तर विषय संपला. तीच जागा घ्यावी लागते, पुढच्या फेऱ्यांची दारं बंद. म्हणून मी प्रत्येक पोराला एकच सांगते — जे मनातून हवं ते सगळ्यात वर टाक, न भिता.

केतकीच्या यादीत मी सगळ्यात वर एक खाजगी कॉलेज टाकलं. दूरचं, परजिल्ह्यातलं, जिथं जागा रिकाम्या राहतात. नागपूरचं तिसऱ्या नंबरावर.

तिनं स्क्रीनकडे बघितलं. हुशार होती, सांगितलं ना.

"मॅडम, नागपूर वर टाकलं तर काय बिघडते?"

तुम्ही हा प्रश्न ऐका. त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं — काही नाही. हजार पोरांना मी ते दिलं असेल. तिच्या बाजूला बाकावर बसलेल्या बाईच्या पोरीला अर्ध्या तासाआधी दिलं होतं.

मी म्हटलं, "बिघडते. ते बी नाही भेटत अन् हे बी हातचं जाते. रिस्क नको घेऊ."

"मॅडमले जास्त समजते तुझ्यापेक्षा," सर तिला म्हणाले.

फॉर्म पक्का करायला फोनवर आकडे येतात. फोन सरांच्या नावावर होता. त्यांनी चष्मा लावला, फोन लांब धरला आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचून दाखवला, हजेरी घ्यावी तसा. मी एकेक आकडा टाकला. त्यांच्या तोंडून, माझ्या बोटांनी. मला तेव्हा काय वाटलं, सांगू? व्हरांडा आठवला. बाबांचे जोडलेले हात आठवले. आणि मला चांगलं वाटलं. इतकं चांगलं मला माझ्या लग्नातही वाटलं नव्हतं.

पहिल्या फेरीत खाजगी कॉलेज लागलं. लागणारच होतं. दुसऱ्या दिवशी सर पेढे घेऊन आले. "पहिल्या फेरीत पहिली पसंती, मॅडम! तुमच्यामुळं झालं." दुकानभर वाटले. वंदनाला दिला, बाकावरच्या लोकांना दिले. मी दोन खाल्ले. दुसरा मागून घेतला.

दुसऱ्या फेरीत नागपूरच्या त्या जागेवर पालांदूरची एक मुलगी लागली. तिचा फॉर्मही मीच भरला होता. तिचे गुण केतकीपेक्षा कमी होते.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी केतकी एकटीच आली. छापलेली यादी हातात. बाकावर कोणी नव्हतं. तिनं यादी माझ्यापुढे ठेवली आणि त्या मुलीच्या नावावर बोट ठेवलं.

"हिचे माझ्याहून कमी हायेत न, मॅडम?"

"हो."

"मंग?"

मला अजून एक संधी मिळाली होती. कोणाला मिळते का अशी? ती रागावलेली नव्हती. तिला फक्त गणित सुटत नव्हतं. मी म्हटलं, "यावर्षी यादी एकदम खाली आली. कोणालेच नव्हतं माहीत." यादी अजिबात खाली आली नव्हती. मागच्या वर्षाएवढीच होती. तिनं जुना तक्ता बघितला असता तर तिलाही दिसलं असतं. तिनं नाही बघितला. माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

मग ती जे म्हणाली ते मी कधीच विसरणार नाही. म्हणाली, "जाऊ द्या मॅडम, होते कधी कधी. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." माझी समजूत काढत होती! आणि जाताना, दारात थांबून — "आजोबा म्हणून राहिले का माझेच कमी पडले. म्हणतात, पोरीत दम नव्हता, मले पयलेपासूनच माहीत होतं. तुम्ही भेटले त्यांना तर सांगा न एकदा, का यादी खाली आली म्हणून. तुमचं ऐकतात ते."

नीट बघा काय झालं होतं. मी दगड त्यांच्यावर भिरकावला होता. त्यांना तो लागलाही नाही. त्यांनी तो वरच्यावर झेलला आणि पोरीच्या डोक्यात घातला — जसा माझ्या डोक्यात घातला होता, तसाच, त्याच शब्दांत. सकाळी फिरायला जाणारे म्हातारे मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर बसतात, तिथंही ते सांगत होते, मी स्वतः ऐकलं. दूध आणायला गेले होते. "आमच्या केतकीचं तेवढंच होतं. मी घरी बोललोच होतो." मी चार पावलांवर उभी होते. सांगू शकत होते. यादीबद्दलचं खोटं सांगितलं असतं, तरी तिची इज्जत राहिली असती.

नाही सांगितलं. का? भीती वाटली का, पकडली जाईन म्हणून? थोडी. पण खरं कारण ते नाही. खरं कारण असं की सांगितलं असतं तर त्यांना कळलं असतं, आपल्या नातीचे गुण पुरेसे होते. त्यांची मान वर झाली असती. आणि त्या माणसाला कोणत्याही कारणानं, कोणाच्याही जिवावर मान वर करू द्यायची नव्हती मला. म्हणून मी दुधाची पिशवी घेऊन घरी आले. पोरगी खाली राहिली तरी चालेल. तेव्हा मी असाच विचार केला, याच शब्दांत.

केतकी त्या खाजगी कॉलेजात गेली. अर्धं शिक्षण तर मोबाइलवरच झालं, टाळेबंदीत, जवाहरनगरच्या क्वार्टरच्या गच्चीवर बसून, रेंज तिथंच यायची म्हणून. कॉलेजात कंपन्या आल्या नाहीत. डिग्री घेऊन ती परत आली. आता लाखनीतच एका शाळेत गणित शिकवते, तात्पुरत्या जागेवर. पालांदूरची ती मुलगी हैदराबादला आहे. तिची आई मला दिवाळीत फोन करते. या दोघींची तुलना करायची नाही असं मी ठरवते, आणि फोन आला की करते.

हटवार सर दोन वर्षांपूर्वी गेले. झोपेत, शांतपणे. शोकसभेला मी गेले होते — का गेले, विचारू नका. त्यांचा मुलगा उभा राहून म्हणाला की बाबांना मुलांची पारख होती. लोकांनी माना हलवल्या. मला त्यांच्यासाठी दुःख झालं नाही. आजही होत नाही. मला एकाच गोष्टीचं वाईट वाटलं — की ते न कळता गेले. माझं नाव न कळता, माझे गुण न कळता, मी काय केलं ते न कळता. मी सूड घेतला आणि ज्याच्यावर घेतला त्याला पत्ताच नाही, असा कसा हा सूड? त्यांना तर पेढे वाटायला मिळाले.

या जूनमध्ये केतकी दुकानात आली. शाळेतल्या तीन मुलींना घेऊन आली होती. त्यांना म्हणाली, "या मॅडम कोणाले खोटी आशा देत नाहीत. विचारा काय विचारायचं ते." मी तिघींचे गुण बघितले. त्यातल्या एकीनं, सगळ्यात लहानखुरीनं, भीत भीत विचारलं की पुण्याचं एक कॉलेज आहे, मिळणार तर नाही, पण वर टाकून बघू का?

मी सवयीनं बोलून गेले. कितीएक वर्षांची सवय. "टाक की. वर टाकल्यानं काही बिघडत नाही, बाई. खालचं कुठं जात नाही."

बोलल्यावर मला कळलं केतकी मागे उभी आहे.

ती हलली नाही. मी मान वर केली नाही, स्क्रीनवर कर्सर नुसताच फिरवत राहिले. मुली आपसात बोलत होत्या. थोड्या वेळानं ती पुढे आली, टेबलावर हात टेकला आणि हळूच म्हणाली — 'म' वर अडत — "म-मॅडम, माझ्या वर्षी नियम वेगळा होता का?"

मी म्हटलं, "हो. वेगळा होता."

तिनं माझ्याकडे बघितलं. किती वेळ? तीन-चार क्षण असतील. मग म्हणाली, "असन." मुलींचे कागद गोळा केले, फाइलीत एकावर एक नीट लावले आणि त्यांना घेऊन गेली. त्यांचे फॉर्म तिनं माझ्याकडून भरून घेतले नाहीत. साकोलीला नेलं, असं वंदना म्हणाली.

तिला कळलं, का नाही, मला माहीत नाही. तिनं कोणाला काही सांगितलेलं नाही; सांगितलं असतं तर लाखनीत मला कळलं असतं. दुकान चालू आहे. बाकावर जागा नसते. लोक अजून माझ्या तोंडाकडे बघतात.

नियम तेव्हाही तोच होता. तिचे गुण पुरेसे होते. मी न चुकता, समजून उमजून, शुद्धीत ते केलं. तिचा आजोबा माझ्याशी जसा वागला तो वागला. त्या मुलीनं माझं काहीही केलेलं नव्हतं. ती अठरा वर्षांची होती. मी छत्तीस वर्षांची होते.